येऊ का वर?

संस्कृती, ते पुस्तक मिट आणि अशी जवळ येऊन बस. रोहन, तू तो मोबाईलचा उजेड बंद कर. लाईट यायला अजून तासभर तरी आहे, आणि हे सांगताना मला कुणाच्या तोंडावर खालून पडलेला उजेड नको.

संस्कृती, तू मघाशी विचारलंस ना, की या पुस्तकात एकशे अकराव्या गाण्यानंतर एकदम एकशे तेरावं कसं? बरोबर पकडलंस. आजवर सतरा जणांनी विचारलंय, त्यातल्या दोघांनी पोस्टकार्डावर. पुस्तकाची प्रुफं मी तपासली, आत माझं नाव छापलंय, त्यामुळे सगळ्यांचं एकमत आहे की भीमराव म्हातारा डुलक्या काढत होता. काढू देत. पण तुम्ही दोघं माझ्या घरात भाड्याने राहता, एम. ए. करता, उद्या तुम्हीही कुठेतरी गाणी गोळा करत हिंडाल. तुम्हाला खरं सांगायला हवं. ते गाणं चुकून राहून गेलं नाही, काढलं. एका रात्रीत काढलं.

हे घडलं रंगनाथ उपळेकर सरांच्या बाबतीत. तीस वर्षं त्यांच्या प्रत्येक पुस्तकाची प्रुफं मीच बघितली. मराठीचे प्राध्यापक. निवृत्त झाले, पत्नी गेल्या, मुलगी वारज्याला. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. तळमजल्यावर दवाखाना, पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचे क्लास. रात्री नऊनंतर त्या इमारतीत माणूस असा एकच, उपळेकर सर. दवाखान्यात आलेले लोक चुकून वर चढायचे, म्हणून सरांनी जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली होती. ‘दवाखाना वर नाही. विचारल्याशिवाय वर येऊ नये.’ पेठेतली पाटी ती, तिचं कुणाला काही वाटायचं नाही.

पुस्तकावर दुसरं नाव आहे ते कौशल्या ठोंबरे यांचं. वाशीम जिल्ह्यातलं सावळदरा नावाचं गाव, तिथे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. दोघांची ओळख झाली ती भांडणातून. सरांनी एका मासिकात जात्यावरचं एक गाणं छापलं. पंधरा दिवसांत बाईंचं पत्र. ‘सर, तुमची तिसरी ओवी चुकली आहे. जातं ओढता ओढता बाई एवढी लांब ओळ म्हणूच शकत नाही. दम पुरत नाही. आपण कधी दळलं नसेल.’ सरांनी जन्मात कुणाची दुरुस्ती मान्य केलेली नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पण त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं, आणि मग नऊ वर्षं पत्रं चालली.

त्यांची पद्धत मोठी छान होती. बाई गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे बसून गाणी उतरवून घ्यायच्या. लांबलचक कथा सांगणारी गाणी, एकेक गाणं तास तास चालणारं. कागदाच्या उजव्या अर्ध्यावर गाणं लिहायच्या, डावा अर्धा कोरा. सर त्या कोऱ्या भागात तांबड्या शाईने शंका लिहून तोच कागद परत पाठवायचे. बाई शंकेखाली उत्तर लिहून पुन्हा पाठवायच्या. म्हणजे प्रत्येक गाणं पुणे-वाशीम तीनदा फिरलेलं. फोनवर बोलणं नाही. बाईंचं म्हणणं, बोललेलं हवेत जातं. नऊ वर्षांत दोनशे बारा गाणी झाली, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्यातलं एकशे बारावं गाणं सावळदऱ्याच्या तळ्याचं.

गावात तळं खणतात, पण पाणी राहत नाही. बांध घातला की फुटतो. मग जाणते लोक सांगतात की पाटलाच्या धाकट्या सुनेच्या हातून तळ्याच्या मध्यावर पूजा झाली, तर पाणी टिकेल. पूजा म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, सून सोडून. ती ताट घेऊन तळ्यात उतरते. सासरा काठावर उभा.

*पाणी घोट्याला लागलं, जोडवी झाली गार*
*मामाजी, येऊ का वर? आधी वाहा गं हार*

*पाणी गुडघ्याला लागलं, लुगडं झालं जड*
*मामाजी, येऊ का वर? आधी नारळ फोड*

असं वर वर चढत जातं. घोटा, गुडघा, कंबर. आणि शेवटी...

*पाणी गळ्याला लागलं, भिजला काळा मणी*
*मामाजी, येऊ का वर? वर बोललं नाही कोणी*

इथे गाणं थांबतं. संपत नाही, थांबतं. बाईंनी लिहिलं होतं, ‘इथे आल्यावर बाया जात्यावर हात ठेवतात, पीठ भरतात आणि उठतात. शेवटची एक ओवी आहे. ती म्हणत नाहीत. म्हटली की ती बुडते. म्हणत नाहीत तोवर ती उभी आहे.’

सरांनी समासात तांबड्या शाईने लिहिलं, ‘शेवटची ओवी पाठवावी.’

बाईंचं उत्तर, ‘नाही.’

तीन वर्षं हे चाललं. सरांनी शास्त्र सांगितलं, अभ्यासकाचं कर्तव्य सांगितलं, अपुरी संहिता छापणं म्हणजे काय ते सांगितलं. बाईंचं उत्तर दर वेळी तेवढंच, नाही. मग दोन हजार तेवीसच्या दिवाळीनंतर वेगळं पत्र आलं. बाईंना बरं नव्हतं, उपचाराला पुण्यात यायचं होतं. त्यांचा भाचा सूरज खराडीला एका कंपनीत कामाला, तिथेच भाड्याचा फ्लॅट. ‘पुण्यात आले की या. पुस्तक छापण्याआधी एकदा नजरेखालून घालते.’

बारा डिसेंबर. मंगळवार. पुस्तक गुरुवारी छापायला जायचं होतं. शेवटची प्रुफं मीच सरांना नेऊन दिली आणि पाच वाजता रिक्षात बसवून दिलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत बाकरवडी घेऊन निघाले होते. म्हटलं, “सर, मुलगी बघायला निघालात का?” म्हणाले, “भीमराव, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा.”

खराडीला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. बाई खिडकीशी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, हाताच्या काड्या झालेल्या. सर आत गेले तशा म्हणाल्या, “अक्षरावरून मला तुम्ही उंच वाटले होते.” सर म्हणाले, “अक्षरावरून मला तुम्ही रागीट वाटला होतात.” “ते खरंच हाये,” त्या म्हणाल्या. दोघं खूप हसले म्हणे. दोन तास प्रुफं बघितली. एकशे बाराव्या गाण्याशी आल्यावर बाईंनी पान उलटलं नाही. सूरजला म्हणाल्या, “तू जरा बाहेर जा, बाप्पा.”

तो गेल्यावर सरांना म्हणाल्या, “माझ्या मायनं जाताना ती ओवी माझ्या कानात सांगितली. तिच्या मायनं तिच्या. कोणाला तरी ठाऊक लागते सर. पुढं काय हाये ते ठाऊक असलं, तरच कुठं थांबायचं ते कळते. मला लेक नाही. गावातल्या पोरींना हे गाणंच नको झालं. नऊ वर्षं तुम्ही माझा एक काना इकडचा तिकडं केला नाही. म्हणून तुम्हाला सांगते. पण कागदावर उतरवायची नाही. तोंडानं म्हणायची नाही. नुसती सांभाळायची.”

सरांनी हातात हात देऊन शब्द दिला. बाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओवी सांगितली. एकदाच.

साडेनऊला सर घरी आले. दूधपोळी खाल्ली. प्रुफं टेबलावर ठेवून अंथरुणावर पडले. झोप येईना.

मला नंतर म्हणाले, “भीमराव, मोह होता, खोटं नाही बोलणार. नऊ वर्षांचं काम, शेवटची ओवी मला ठाऊक, आणि पुस्तकात ती नाही. पण त्याहून भीती होती. एकाहत्तर वर्षांचा माणूस मी. परवा स्वतःच्या जावयाचं नाव आठवेना. सकाळी ही ओवी विसरलो तर? ती माझ्यापाशी येऊन संपली तर?”

सव्वादोनला सर उठले. टेबलावरचा दिवा लावला. एकशे बाराव्या गाण्याखाली दोन बोटं जागा कोरी होती. पेन उघडलं.

पहिली ओळ लिहिली.

तेवढ्यात खालून, जिन्याच्या तोंडाशी, कुणीतरी विचारलं, “येऊ का वर?”

बाईचा आवाज. तरुण. सरांना वाटलं, दवाखान्यात कुणी आलं असेल, पाटी वाचून विचारतंय. ते वैतागले. जागेवरूनच ओरडले, “दवाखाना सकाळी दहाला उघडतो!” आणि दुसरी ओळ लिहायला घेतली.

लिहून झाली. पेनाचं टोपण लावलं.

पाय गार पडले.

डिसेंबरची थंडी, फरशी गारच असते. सरांनी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले. गारवा तसाच. घोट्याभोवती, गोल. मोजा घातल्यासारखा. त्यांनी वाकून बघितलं. फरशी कोरडी होती.

“येऊ का वर?”

आता आवाज पहिल्या मजल्यावरून आला. क्लासच्या बंद दारापाशी.

सर गप्प बसले. मघाशी ओरडले ते आता त्यांना आठवलं. ती विचारते. वरून उत्तर येतं. आधी हे कर, मग ये... त्यांनी स्वतःच ते उत्तर दिलं होतं.

गारवा गुडघ्याला आला.

लेंगा पायांना चिकटला. हात लावला. कापड कोरडं. पण जड. ओलं लुगडं व्हावं तसं जड. सरांनी पेन घेतलं आणि लिहिलेली ओवी खोडली. आडव्या रेघा मारल्या, उभ्या मारल्या, कागद फाटेपर्यंत मारल्या. मग ते पानच फाडलं. तुकडे केले.

काही झालं नाही. लिहिलेलं खोडता येतं रे. लिहिलं नव्हतं असं करता येत नाही.

“मामाजी...”

जिन्याच्या मधल्या वळणावर.

“...येऊ का वर?”

कंबर. श्वास अर्ध्यापुढे आत जाईना. उठावं म्हटलं तर पाय उचलत नाहीत. खाली गाळ असावा, तसे रुतलेले. टेबलावर फोन होता. सरांनी हात लांब केला.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. हे माझ्या कानांनी ऐकलंय.

“भीमराव... पाणी...”

मी झोपेत. म्हटलं, “कसलं पाणी? टाकी भरून वाहतेय का?”

नुसता श्वास. तुकड्या-तुकड्याने. छातीवर कुणी बसल्यासारखा.

“सर? अहो सर...”

आणि मग त्या श्वासाच्या मागून, लांबून नाही, अगदी दाराशी उभं राहून बोलावं असा आवाज आला. मला वाटलं होतं भुताचा आवाज भेसूर असतो. तसा नव्हता रे. चांगल्या घरातल्या सुनेचा होता. थकलेला. खूप वेळ विचारून विचारून थकलेला.

“मामाजी... येऊ का वर?”

मी फोन कानाला धरून उभा राहिलो.

सर बोलेनात.

पाणी गळ्याशी आलं होतं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. हनुवटी वर केली होती त्यांनी. कोरड्या खोलीत, दिव्याखाली, खुर्चीत बसून. समोर दार. दाराच्या फटीखाली सावली.

तिने पुन्हा विचारलं नाही. वाट बघत राहिली.

मी ऐकत होतो... काहीच नव्हतं. ती शांतता गाण्यातलीच होती. वर बोललं नाही कोणी.

मग सर बोलले. एकच शब्द. अर्धा गुदमरलेला.

“ये.”

फोन पडल्याचा आवाज झाला आणि बंद झाला.

मी चपला न घालता पळालो. नारायण पेठेतून तिथवर सहा मिनिटं. जिना अंधारा. प्रत्येक पायरीवर हात फिरवत चढलो, सांगायला लाज नाही. पायऱ्या कोरड्या होत्या. वर सरांचं दार सताड उघडं. आत दिवा चालू. सर खुर्चीत, हनुवटी तशीच वर केलेली, डोळे उघडे. मी खांदे हलवले तेव्हा त्यांनी मोठा श्वास घेतला, बुडून वर आलेला माणूस घेतो तसा. मग खोकत राहिले.

“कोण आलं होतं?” मी विचारलं.

“दार मी उघडलं नाही, भीमराव,” म्हणाले. “मी फक्त ये म्हणालो.”

“आणि मग?”

“मग पाणी उतरलं.”

घरात दुसरं कुणी नव्हतं. दोन्ही खोल्या मी बघितल्या. न्हाणीघर बघितलं. पलंगाखाली बघितलं. उजाडेपर्यंत आम्ही दोघं दाराकडे तोंड करून बसलो.

सकाळी आठला सर म्हणाले, “बाईंना सांगायला हवं. मी शब्द मोडला.” मीही सोबत गेलो. बंडगार्डनच्या पुलापासून येरवड्यापर्यंत रिक्षा रडतखडत, नेहमीची गर्दी.

बाई जाग्याच होत्या. रात्रभर जाग्या असाव्यात. सरांना बघितलं आणि आम्ही बसायच्या आत म्हणाल्या,

“लिहिली.”

“हो,” सर म्हणाले.

“सगळी?”

“सगळी.”

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील, हाकलून देतील. त्यांनी हळूच विचारलं, “मग... ती आली?”

“आली. तीनदा विचारलं. मग चौथ्यांदा.”

“तुम्ही काय म्हणाले?”

मीच सांगितलं, “ये म्हणाले.”

बाईंनी डोळे उघडले. सरांकडे बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसलं नाही त्यांनी.

“माझी माय, तिची माय, सगळ्या सावळदऱ्याच्या बाया,” त्या म्हणाल्या. “आम्ही तिला बुडू दिलं नाही. तेवढं पुण्य केलं. पण वर ये, असं कोणी म्हटलं नाही सर. म्हणता येत होतं, हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही.”

सर खाली बघून म्हणाले, “बाई, मला क्षमा करा.”

“क्षमा कशाची?” बाई म्हणाल्या. मग थांबल्या. चेहरा बदलला त्यांचा. काहीतरी मनात आलं आणि त्यांना भीती वाटली, ते मला स्पष्ट दिसलं. पलंगाची कड त्यांनी घट्ट धरली.

“पण ती वर आली...” त्या म्हणाल्या, “तर मग आता पाणी कोण धरून ठेवणार?”



तेवढ्यात सूरज आतल्या खोलीतून आला. ऑफिसचे कपडे, गळ्यात कार्ड, हातात मोबाईल. “आत्या, गावच्या ग्रुपवर बघ काय आलंय. रात्री तळं फुटलं. पावसाचा थेंब नाही, काही नाही, डायरेक्ट बांधच गेला. माऊलीमामा म्हणतोय, पावणेतीनच्या सुमाराला आवाज झाला. शेतं वाहून गेली खालची. माणसं सेफ आहेत, पण तळ्यात वाटीभर पाणी नाही राहिलं. आज फर्स्ट टाइम तळाचा गाळ दिसतोय.”

त्याने फोटो दाखवला. पहाटेचा, उजेड नुकता फुटलेला. काळा, ओला, गुळगुळीत गाळ, दूरपर्यंत. काठावर लोक उभे. कुणी आत उतरलेलं नाही. उतरायची हिंमत कुणाची होणार, कंबरभर गाळ तो.

बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग फोन सरांकडे दिला. सरांनी माझ्याकडे.

गाळात पावलं उमटली होती. अनवाणी. लहान, बाईमाणसाची. तळ्याच्या मध्यापासून निघून सरळ काठापर्यंत आलेली.

आत जाणारं एकही नव्हतं.